ताटाची डावी बाजू

आमच्या घरात मोठा मेंदू आला तो ऐन उन्हाळ्यात, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेल्या कापडावर. आमचे हे भोरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि माणसं कमी म्हणून शरीरशास्त्राचे धडेही त्यांच्याच गळ्यात पडले होते. शाळेपाशी हाडांचा तक्ता होता, हृदयाचा होता, मेंदूचा नव्हता. तर ह्यांनी आपण होऊन सांगितलं की सुट्टीत मी रंगवून देतो. नसती उठाठेव अंगावर घ्यायची ह्यांना हौस फार. ती निस्तरायला मी होतेच.

त्या सुट्टीत मी डिंक भिजवला, रंग खलले आणि चौकटीवरच्या माश्या हाकलल्या. आम्हाला मूल नव्हतं. दुपारी भांडी आवरली की घर इतकं शांत व्हायचं की नीरा नदीच्या पाण्यावर धुणं आपटल्याचा आवाज थेट सोप्यात यायचा. हे पुस्तकातलं चित्र समोर ठेवून कापडावर रेघा ओढत बसायचे आणि मी उंबऱ्याला टेकून बघत राहायची.

"ओळख बघू काय आहे," ह्यांनी विचारलं.

"अक्रोड," मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणतात." हे जरा हिरमुसले.

मी पुन्हा नीट पाहिलं. माझं माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याचं. लहानपणी करवंदांसाठी डोंगरावर चढलं की खाली भाताची खाचरं दिसायची. एक बांध सरळ नसायचा. डोंगर जसा वळेल तसा बांध वळायचा, एकाच्या कुशीत दुसरा, दुसऱ्याच्या कुशीत तिसरा. ह्यांच्या कापडावर तसंच काहीतरी उमटत होतं. "अक्रोड नाही," मी म्हटलं, "आमची खाचरं आहेत ही. डोंगरावरून बघितलेली."

ह्यांनी कुंचला खाली ठेवला. खूश झाले की हे धोतराला हात पुसायचे, आणि ते डाग मलाच काढायला लागायचे. त्या दुपारी धोतराची पार वाट लागली, पण मोठा मेंदू मला पाठ झाला. त्याला इतक्या वळ्या का, तर मोठं कापड एवढ्याशा डब्यात कोंबलं की चुण्या पडणारच. कपाळामागचा भाग बेत करायचा, काय बोलावं आणि काय गिळावं ते ठरवायचा. "म्हणजे तो वन्संचा," मी म्हटलं. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, वाईला मुलाकडे राहायच्या, आणि बेत करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे हसले. डोक्याच्या माथ्यावरचा पट्टा हातपाय हलवायचा, त्याच्या मागचा पट्टा स्पर्श ओळखायचा आणि कुठली वस्तू कुठे आहे याचं भान ठेवायचा. कानांपाशी ऐकणं आणि शब्द. पाहणं सगळ्यात मागे, अगदी मानेच्या वर.

"पाहणं पाठीमागे?" मी विचारलं. मला ते काही केल्या पटेना.

"डोळे नुसते दारात उभे असतात गं. काय दिसलं ते ठरवणारा आतल्या खोलीत बसतो."

मेंदूचे दोन अर्धे होते, मधे खोल घळ, आणि घळीच्या तळाशी दोन्हींना जोडणारा पांढऱ्या तंतूंचा पूल. उजवा अर्धा डावं अंग चालवतो आणि डावा अर्धा उजवं, असं ह्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हा काय उलटा कारभार. तर म्हणाले, "तुमच्याकडे नाही का, या कडेच्या झऱ्याचं पाणी चर खणून त्या कडेच्या खाचरात नेतात? तसंच."

"मग भांडणं किती होत असतील," मी म्हटलं.

तो उन्हाळा आठवला की मला अजून अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. रंगाचा वास, कौलांतून खाली उतरलेला उन्हाचा कवडसा, आणि हळूहळू गुलाबी होत चाललेली ती खाचरं. कधी मी उंबऱ्यावरच पेंगायची आणि झोपेत त्या बांधांवरून चालत माहेरी जाऊन यायची. जागी व्हायची तेव्हा हे अजून तिथेच बसलेले असायचे, आणि कापडावर आणखी एक बांध घातला गेलेला असायचा.

तक्ता पुरा झाला. त्यावर रोगण चढवायचं होतं. सकाळची वेळ होती. हे उजव्या हातात कुंचला आणि डाव्या हातात रोगणाची वाटी घेऊन उभे होते. वाटी पडली. रोगण त्यांच्या पायावर सांडलं, आणि हे आपले कुंचला फिरवतच होते.

"अहो, वाटी पडली," मी म्हटलं.

"कुणाची?" हे म्हणाले, आणि डाव्या अंगावर हळूच खाली बसले, थकलेला माणूस टेकतो तसे.

दवाखान्यातले डॉक्टर लगेच आले. अर्धांगवायूचा झटका, डावा हात आणि डावा पाय गेला, पण वाचा शाबूत आहे, हे नशीब, असं म्हणाले. पहिले काही दिवस हे नुसते झोपून होते. डोळे उघडायचे, मिटायचे. शुद्धीवर आले तोवर वाईहून वन्सं आल्या होत्या.

आता घराची मांडणी सांगायला हवी, कारण सगळं त्या मांडणीतच घडलं. ह्यांची खाट सोप्यात टाकली होती. खाटेच्या उजव्या हाताला रस्त्याकडचं दार आणि खिडकी. खिडकीपाशी एक खुर्ची, तिच्यावर वन्सं. शाळेतले मास्तर, ह्यांचे विद्यार्थी, शेजारी, जो येईल तो त्या दारानं येऊन उजवीकडे बसायचा. डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, तिथे मी. पायथ्याच्या भिंतीवर तो तक्ता. शाळा उघडली होती, पण तक्ता मागायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

आमच्या घरात बायकोनं वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. चारचौघांत सोप्यावर जाऊन त्याच्यापाशी बसणं तर दूरच. मी स्वयंपाकघराच्या दारातून यायची, डावीकडून ताट ठेवायची, डावीकडे खाली बसून त्यांच्या निर्जीव हाताला तेल चोळायची आणि आल्या वाटेनं आत जायची. वन्सं तिथून हलत नव्हत्या. झोपायच्यासुद्धा तिथेच.

आणि हे माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्यांशी बोलत होते. एखादा विद्यार्थी आला की नाव घेऊन विचारपूस करायचे, वन्संना बालपणीच्या गमती सांगायचे, हसायचे. मी ताट घेऊन आले की त्यांचा चेहरा खिडकीकडे. मी अगदी हळू, वन्संना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "अहो" म्हटलं की हे खिडकीकडे बघून म्हणायचे, "कोण आहे?" मला वाटायचं, थट्टा करतायत. मग वाटेनासं झालं.

त्यात ते ताटाचं सुरू झालं. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी मला सगळ्यात आधी ताट वाढायला शिकवलं होतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, उसळ, आमटीची वाटी उजवीकडे. मधे भात. हात झोपेतही तसाच फिरायचा. हे उजवीकडची भाजी संपवायचे, आमटी संपवायचे, भाताची अर्धी मूद खायचे, आणि डावीकडची बाजू जशीच्या तशी परत यायची. मीठ नाही, लिंबू नाही, कोशिंबीर नाही. कारळ्याची चटणीसुद्धा नाही. माहेरून कारळे यायचे, मी ते भाजून, लसूण घालून कुटायची. त्या चटणीवाचून ह्यांनी आजवर कधी घास घेतला नव्हता. सगळ्या सणांची पक्वान्नं एकीकडे आणि ती चटणी एकीकडे. आता ती रोज परत येत होती. मी रोज ताजी कुटत होते.

वन्संनी त्याचा अर्थ लावला. "त्यानं मीठ सोडलं," त्या आल्यागेल्याला सांगू लागल्या. "आंबट सोडलं, तिखट सोडलं. अर्धपोटी जेवतो आणि अर्धं देवापुढे ठेवतो. मरणाच्या दारातून परत आला, तो निराळाच होऊन आलाय."

उत्रोलीहून दूध घालायला येणारी बाई होती. तिनं हे ऐकलं मात्र, डोक्यावरची चरवी खाली ठेवून ह्यांच्या पायांवर डोकं टेकलं. मला मागच्या दारी येऊन म्हणाली, "वैनी, मास्तर आता संसारातलं न्हाई ऱ्हायलं बगा. मिठावरची वासना गेली म्हंजी मानूस देवाचंच झालं." दुसऱ्या दिवशी तिनं जास्तीचं दूध घातलं, आणि त्यानंतर उत्रोलीच्या दोघीतिघी दर्शनाला आल्या. एकीनं म्हशीसाठी अंगारा मागितला. हे गोंधळले, पण स्वभाव गोड, त्यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. चित्रकलेचा मास्तर, ज्यानं जन्मात कधी संध्या धड केली नाही, तो उत्रोलीच्या म्हशींना आशीर्वाद देत होता. एरवी मी पदराआड हसून बेजार झाले असते. त्या दिवसांत हसूच आटलं होतं.

एकदा मी हाताला तेल चोळत होते. ह्यांची नजर चुकून त्या हातावर पडली असावी. वन्संना म्हणाले, "अक्का, हा हात कुणाचा इथे? बाजूला घे ना."

हात त्यांचाच होता, माझ्या दोन्ही हातांत धरलेला. मी चोळत राहिले. काय करणार दुसरं?

मग खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं, "ती गेली का?"

मी तिथे होते, त्यांच्या कोपरापासून वीतभर लांब. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता, खोटं कशाला बोलू, दयाच होती. त्या म्हणाल्या, "जाईल रे. तू शांत हो." ह्यांनी सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले.

त्यानंतर हे रोज विचारायचे. ती गेली का? गेली का ती?

वन्संनी मग स्वयंपाकघरात येऊन मला समजावलं. "त्याचं मन उठलंय गं. असं होतं विरक्त माणसाला, बायको नजरेसमोर नको वाटते. मी त्याला वाईला नेते, कृष्णेच्या काठी ठेवते. मोटार घेऊन येईल माझा मुलगा. तू काही दिवस वेल्ह्याला जा. पुढचं पुढे बघू." पुढचं काय असतं ते मला ठाऊक होतं. माहेरी भावजयीच्या चुलीपाशी बसायचं, वर्षाकाठी एखादा निरोप यायचा, आणि लोकांनी विचारलं की सांगायचं, प्रकृती बरी आहे. वेल्ह्याला दादाकडे निरोप गेला.

मला राग आला. रडूबिडू नंतर, आधी राग. इतक्या वर्षांत मी ह्यांचे डाग काढले, रंग खलले, ह्यांच्या नसत्या उठाठेवी निस्तरल्या, आणि ह्यांना म्हशीवाल्या बाया दिसतात, मी दिसत नाही. त्या रागात मी चटणी इतकी कुटली की तिला तेल सुटलं.

दुपारी वन्संचा डोळा लागला की मी दारात बसून तक्त्याकडे बघायची. पावसाळी अंधुक उजेडात रोगण चकाकायचं, आणि गुलाबी खाचरांत पाणी भरल्यासारखं दिसायचं. माझेही डोळे मिटायचे. मग मी त्या बांधांवरून चालू लागायची. चिखल ऊन असायचा, पायाला गुदगुल्या करायचा. भाताचा वास यायचा, आमच्या आंबेमोहराचा, आणि माझ्या बरोबर आई असायची, कधी सासूबाई असायच्या, सगळ्या गेलेल्या बाया पदर खोचून लावणी करत असायच्या. बांध संपून मोठी घळ लागायची. पलीकडच्या तीरावर हे उभे असायचे, कुंचला हातात घेऊन. मी हाका मारायची. हे डोंगराकडे बघत राहायचे. घळीवर पांढरा पूल असतो, हे मला स्वप्नातसुद्धा आठवायचं, पण तो कुठे आहे ते सापडायचं नाही. जाग यायची तेव्हा गालाला उंबऱ्याची रेघ उमटलेली असायची.

निघायच्या आदल्या दिवशी वन्सं निरोपाच्या भेटीगाठींना गेल्या. घरात आम्ही दोघंच. मी ताट वाढलं. शेवटचं म्हणून सगळं ह्यांच्या आवडीचं केलं होतं, मेथीची भाजी, मटकीची उसळ, आणि डावीकडे ती चटणी. ह्यांच्या पुढ्यात पाट होता, त्यावर ताट ठेवून मी माझ्या जागी डावीकडे बसले. हे जेवले. भाजी संपली, उसळ संपली, भात बरोब्बर मधोमध कापल्यासारखा अर्धा. हात थांबला. मी ताट उचललं.

तेवढ्यात मागच्या दारी दूधवालीनं हाक मारली. मांजर मागावर होतं, दूध उघडं ठेवता येईना. मी हातातलं ताट तसंच पुन्हा पाटावर टेकवलं आणि पळाले.

परत आले तर हे जेवत होते.

चटणी भातात कालवून खात होते. लिंबू पिळलेलं होतं, कोशिंबिरीची वाट लागली होती. मी दारात खिळून उभी राहिले. हे बोटं चाटत खिडकीकडे, रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "अक्का, ही कारळ्याची चटणी तिच्या हातची आहे. ती आली का?"

मी ताटाकडे पाहिलं. घाईत ते फिरून उलट्या बाजूनं टेकवलं गेलं होतं. चटणी उजवीकडे गेली होती. मघाशी संपलेली उजवी बाजू आता डावीकडे होती, आणि तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी हळूच पुढे झाले आणि ताट पुन्हा फिरवलं, चटणी डावीकडे आणली. त्यांचा हात उजव्या बाजूला चाचपडत राहिला. "संपली वाटतं," हे म्हणाले. आवाजात इतकी निराशा होती की मला गलबलून आलं.

चटणी समोर होती. वीतभर डावीकडे. ती त्यांना दिसत नव्हती, आणि दिसत नाही हेही त्यांना कळत नव्हतं.

मी मान वर करून तक्त्याकडे पाहिलं. उजवा अर्धा, माथ्याच्या मागचा तो पट्टा, कुठली वस्तू कुठे आहे याचं भान ठेवणारा. या कडेचं पाणी त्या कडेच्या खाचरात. झरा इकडे आटला आणि शेत तिकडे वाळलं. ह्यांनी मीठ सोडलं नव्हतं, लिंबू सोडलं नव्हतं. ह्यांचं अर्धं जगच गेलं होतं, आणि मी रोज नेमकी त्या गेलेल्या अर्ध्यात येऊन बसत होते, डोक्यावर पदर घेऊन, हळू आवाजात, पद्धतीप्रमाणे.

मी उठले. खाटेच्या पायथ्याला वळसा घालून, तक्त्याखालून, रस्त्याकडच्या उघड्या दारासमोरून मी उजव्या बाजूला गेले. त्या दारासमोर मी दिवसाढवळ्या अशी कधी उभी राहिले नव्हते. रस्त्यानं माणसं जात होती. बघू देत. मी वन्संची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले.

हे माझ्याकडे बघतच राहिले. कपाळावर आठी पडली.

"कुठे होतीस इतके दिवस?" हे म्हणाले.

मी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"माहेरी गेलीस ती गेलीसच. एक निरोप नाही. मी रोज अक्काला विचारतो, ती गेली का, गेली का, आणि अक्का म्हणते, जाईल. जाईल म्हणजे काय? गेलेली तर दिसतच होतीस." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी ताट उजवीकडे ओढलं, चटणीचा घास केला आणि त्यांच्या तोंडात घातला. रडत रडत जेवले. मीही रडत होते, आणि मधेच हसतही होते, कारण रडतानासुद्धा ते म्हणाले की आज लसूण जास्त पडलाय.

वन्सं परतल्या तेव्हा मी त्यांच्या खुर्चीवर बसलेली, ह्यांचा उजवा हात माझ्या हातात, आणि दार सताड उघडं. त्यांचा चेहरा लाल झाला. "लाजबीज आहे की नाही?" त्या म्हणाल्या. "रस्ता बघतोय."

"बघू दे," मी म्हटलं. वन्संना मी त्याआधी कधी उलट बोलले नव्हते. "त्यांना डावीकडचं काही दिसत नाही. मी आता इथेच बसणार. आणि ते वाईला जाणार नाहीत." पुढे मी ताट फिरवून दाखवलं. इकडे चटणी, खातात. तिकडे चटणी, खात नाहीत. वन्सं बघत होत्या, पण त्यांना ते पटायचं नव्हतं. इतके दिवस सांभाळलेला साधू असा एका चटणीसाठी कोण सोडून देईल?

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. ह्यांच्यासमोर आपली काठी आडवी धरली आणि म्हणाले, मास्तर, मधोमध बोट ठेवा. ह्यांनी बोट ठेवलं ते पार उजव्या टोकाकडे. मग डॉक्टरांनी कागद आणि पेन्सिल मागितली आणि ह्यांना म्हणाले, काहीही काढा, तुम्हाला पाठ आहे असं काही. ह्यांनी क्षणभर विचार केला आणि मोठा मेंदू काढायला घेतला.

हात तोच होता. एक रेघ थरथरली नाही. वळ्या एकात एक गुंफत गेल्या, खाचा खोल होत गेल्या, सावल्या पडल्या. घळीपाशी येऊन पेन्सिल थांबली. डावा अर्धा कोराच. ह्यांनी कागद समाधानानं न्याहाळला आणि डॉक्टरांपुढे केला. "झालं," म्हणाले.

जो अर्धा बिघडला होता तोच त्यांनी काढला होता, जराही चूक न करता. डॉक्टरांनी तो कागद वन्संपुढे धरला. मग वन्संना म्हणाले, "डोळे चांगले आहेत त्यांचे. पण डावीकडचं जग आहे, हेच मेंदू विसरलाय. आपण विसरलोय हेही त्याला ठाऊक नाही. ह्यात विरक्ती कसली शोधता?" थोडंफार परत येईल, सगळं येईलच असं नाही, असंही त्यांनी सांगितलं.

वन्सं उंबऱ्यावर बसल्या, माझ्या जागेवर, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "तो विचारत होता गं," म्हणाल्या. "तुलाच शोधत होता. आणि मी त्याला म्हणत होते, जाईल." मी त्यांच्याजवळ गेले. मी पाणी दिलं.

वाईची मोटार दुसऱ्या दिवशी वन्संच्या मुलाला घेऊन आली तशीच परत गेली. वन्सं मागे राहिल्या. वेल्ह्याहून दादा बैलगाडी घेऊन आला, त्याला सगळं सांगितलं, तो पोटभर जेवला, तांदळाचं पोतं उतरवलं आणि रिकामी गाडी घेऊन गेला. दूधवालीची समजूत घालणं मात्र अवघड गेलं.

"म्हंजी मास्तर साधू न्हाईत व्हय?" तिनं विचारलं.

"नाहीत."

"आन आमच्या म्हशीला दोन्ही येळा दूद वाढलं, ते कसं?"

म्हैस चांगली असेल, म्हटलं.

त्यानंतर मी कायमची उजवीकडे बसले. आल्यागेल्यासमोर, चारचौघांत, डोक्यावर पदर असायचा पण तोंड उघडं. भोरात थोडी कुजबुज झाली, मग लोकांना सवय झाली. ताटही उलटं वाढायला लागले. पहिले काही दिवस हात अडखळायचा, जिवावर यायचं, सासूबाई वरून बघत असतील असं वाटायचं. मग हाताला तीच सवय लागली, इतकी की माझं स्वतःचं ताटही मी तसंच वाढायची. कुणाकडे पंगतीला गेलो तर मी वाढणाऱ्याला आधीच गाठायची. तक्ता शाळेनं नेला.

थोडं परत आलं. काही महिन्यांनी एकदा ह्यांनी तेल चोळताना डाव्या हाताकडे बघून विचारलं, "हा माझाच का गं?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले. चालताना डावीकडच्या खांबाला धडकायचे ते शेवटपर्यंत. माझ्या हाताला धरून नदीवर जायचे, मी नदीच्या बाजूला राहायची, म्हणजे त्यांना मीही दिसायची आणि पाणीही. गावाजवळच्या धरणाच्या वरच्या अंगाला पाणी साठलं की डोंगर त्यात उलटे पडायचे. हे त्यातला अर्धाच डोंगर बघायचे, आणि उरलेला अर्धा कसा आहे ते मी सांगायची. मला वाटतं, लग्न झाल्यापासून आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. त्या वर्षांत मी सुखी होते. हे असं म्हणू नये, लोकांना चमत्कारिक वाटतं, पण होते.

मग एका हिवाळ्यात हे गेले.

वर्षश्राद्धाला वाईहून भाचा आला, तोच करणार होता. वन्सं आल्या, थकल्या होत्या, खिडकीपाशी त्याच खुर्चीवर बसल्या. स्वयंपाक मी केला. ह्यांच्या नावाचं पान वाढून मी बाहेर पाठवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या जुन्या जागी, उभी राहिले.

भटजींनी पाण्याला हात घातला आणि ते थांबले. पानाकडे बघत म्हणाले, "वाढताना चूक झालीय. आमसुलाची चटणी, लिंबू, कोशिंबीर, सगळं उजवीकडे आलंय. पान फिरवून घ्या."

मला कळलंच नव्हतं. हात आपोआप फिरला होता. भाच्यानं पान फिरवायला हात पुढे केला. मी नको म्हणायला दारातून एक पाऊल पुढे टाकलं.

"असू द्या भटजी," खिडकीपाशी बसलेल्या वन्सं म्हणाल्या. "त्याला तिकडचं दिसत नाही."

भाच्यानं हात मागे घेतला. भटजींनी पान होतं तसंच राहू दिलं आणि पाणी सोडलं.